फोन नानांचा, परवानगी कुणाची? मोटरीच्या ॲपचं एक प्रकरण

हे प्रकरण कशाचं

जालना जिल्ह्यातल्या मोसंबी पट्ट्यातल्या एका शेतकरी गटात हे घडलं. गाव, माणसं आणि विहिरीवरची मोटर दुरून चालू-बंद करणारी पेटी बनवणारा कारखाना यांची नावं इथे घेतलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या गटाची सामूहिक खरेदी आणि तिच्याशी जोडलेली तांत्रिक कामं पाहतो. आंबिया बहाराचं, म्हणजे मोसंबीला फूल यावं म्हणून जानेवारीत द्यायचं पाणी सोडायच्या दिवशी एका नव्या फोनने मोटरीचं ॲप बसू दिलं नाही, एवढंच खरं तर झालं होतं. पण पैसे मोजून घेतलेल्या फोनवर काय चालावं हे शेवटी कोण ठरवतं, या प्रश्नाला गटातल्या प्रत्येकाला त्या निमित्ताने भिडावं लागलं.

पार्श्वभूमी

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री, आठ तास. रात्रीची पाळी असली की घरातल्या कुणीतरी बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. जानेवारीची थंडी, वाटेतले साप-विंचू, ओला स्टार्टर. म्हणून अनेकांनी पूर्वी ऑटो लावले होते. लाईट आली की मोटर आपोआप उठते. पण लाईट येताच शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच वेळी उठल्या की डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं महावितरण वारंवार सांगतं ते त्यामुळेच. शिवाय ऑटोला चालू करणं तेवढं कळतं, थांबणं कळत नाही.

मोसंबीला थांबणं फार महत्त्वाचं असतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतात. जमीन हलकी की भारी यावर ताणाचे दिवस ठरतात. पानं पिवळसर पडून गळायला लागली, ताण पुरेसा बसला असं वाटलं की जानेवारीत पहिलं हलकं पाणी द्यायचं, ते आंबवणीचं. काही दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं. मग नेहमीच्या पाळ्या. आंबवणीला पाणी जास्त झालं तर झाड फुलाऐवजी पालवीवर जातं. उशीर झाला तर ताण जास्त होऊन झाडच खचतं. म्हणजे ठरल्या दिवशी, ठरावीक तासच मोटर चालायला हवी, आणि लाईट मात्र रात्रीची.

गटाने म्हणून एकत्र ऑर्डर देऊन मोबाईल स्टार्टर घेतले. स्टार्टरशेजारी एक पेटी बसते, तिच्यात सिमकार्ड. नोंदवलेल्या नंबरवरून ठरावीक मेसेज आला की मोटर चालू, दुसरा आला की बंद. लाईट गेली, फेज उडाला, पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली की पेटी उलट मेसेज धाडते. शेतात इंटरनेटची रेंज कशीही असो, साधा मेसेज जातो. म्हणून ही रचना आम्ही निवडली. कारखाना छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतला, दोघा भागीदारांचा. फोन केला की उचलतात, पेटी बिघडली की माणूस येतो. अशा लहान कारखान्याकडून घेणं मला तेव्हाही योग्य वाटलं आणि आजही वाटतं.

पेटी चालवायला त्यांचंच ॲप होतं. मोठी बटणं, मराठी अक्षरं. ते प्ले स्टोअरवर नव्हतं. कारखान्याचा माणूस व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवायचा, ती दाबली की ॲप बसायचं. बटण दाबलं की ॲप स्वतःच मेसेज पाठवायचं, पेटीचं उत्तर स्वतःच वाचायचं आणि पडद्यावर मोटरीची स्थिती, व्होल्टेज, अँपिअर दाखवायचं. तीन तासांनी बंद कर असं सांगून ठेवलं की वेळ झाल्यावर बंदचा मेसेजही आपणच धाडायचं. यासाठी ते फोनमधले मेसेज पाठवायची आणि वाचायची, दोन्ही परवानग्या मागायचं. पुढची सगळी गुंतागुंत या दुसऱ्या परवानगीतून आली.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्या हंगामाआधी, दिवाळीनंतर, गटातल्या एका सभासदाच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली. नंबर ओळखीच्या माणसाचा होता, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला होता. फाइल दाबल्यावर पत्रिका काही उघडली नाही. संध्याकाळपर्यंत खात्यातले पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, थोडी रक्कम गोठवता आली, बाकीची गेली ती गेली. कापूस विकून आलेले पैसे होते ते. त्यानंतर गटाने ठराव केला की व्हॉट्सॲपवर आलेली एपीके कुणीही, कुणाचीही उघडायची नाही.

अडचण

नाना गटातले जुने बागायतदार. मुलगा वाळूजला नोकरीला, त्यामुळे पेटीचा सगळा कारभार सूनबाईंकडे; आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. नानांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, मधेच बंद पडायचा. मुलाने संक्रांतीला येताना नवा फोन आणला. पेटी नानांचाच नंबर ओळखते, म्हणून सिम नव्या फोनमध्ये घातलं. बाकी सगळं आलं, मोटरीचं ॲप तेवढं राहिलं. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती आणि आंबवणीचं पाणी त्याच रात्री सोडायचं ठरलं होतं.

वहिनींनी कारखान्याच्या माणसाला फोन लावला. त्याने फाइल पाठवली. दाबल्यावर फोनने सांगितलं की हे ॲप संवेदनशील माहितीची परवानगी मागतं, त्यातून फसवणूक होऊ शकते, म्हणून ते अडवलं आहे. खाली 'तरीही बसवा' असं काही नव्हतं. कारखान्याचा माणूस म्हणाला, "ताई, सेटिंगमध्ये जाऊन ते संरक्षण बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे." त्या गेल्या, पण फोनवर बोलणं चालू असताना ते बटणच दाबता येईना. तो म्हणाला, "मग फोन ठेवा, बंद करा, आणि परत लावा."

वहिनींनी फोन ठेवला आणि बंद काही केलं नाही. त्यांनी मला फोन केला. "भाऊ, ह्याच फोनवर बँकेचं हाय, फोनपे हाय. आपणच ठराव केलाय ना, एपीके उघडायची नाही म्हणून? आन् आता हा माणूस म्हणायलाय सगळं बंदच करा. काय करू?"

मागून नानांचा आवाज येत होता. "पैसे आपण मोजले, फोन आपला. सातबारा माझ्या नावचा अन् पेरायचं काय ते तलाठ्यानं सांगायचं, असं असतंय का कुठं?"

दोघांचंही म्हणणं खरं होतं. हे प्रकरण लिहून काढायचं कारण तेच आहे.

त्या रात्रीचा निर्णय

लाईट यायला अजून अवकाश होता. संरक्षण बंद करून ॲप टाकावं असा सल्ला मी त्या घाईत दिला नाही. कारखान्याचा माणूस आमच्या ओळखीचा होता हे खरं, पण लग्नपत्रिकाही ओळखीच्याच नंबरवरून आली होती. आलेली फाइल कारखान्याचीच आहे हे तपासायला आमच्याकडे त्या रात्री काहीच साधन नव्हतं.

वाट वहिनींनीच काढली. जुना फोन चार्जरला लावून त्यांनी मेसेजचं ॲप उघडलं. ॲपने दोन वर्षांत पाठवलेले सगळे मेसेज तिथे ओळीने होते, कारण अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या ॲपने पाठवलेला मेसेजही फोनच्या पाठवलेल्या मेसेजमध्ये नोंदला जातो. चालूचा एक ठरावीक मजकूर, बंदचा दुसरा, सोबत पासवर्डचे आकडे. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. लाईट आल्यावर नव्या फोनवरून हाताने तोच मेसेज टाइप करून धाडला. पेटीचं उत्तर आलं, मोटर उठली. पहाटे उठून बंदचा मेसेज त्यांनीच पाठवला. आंबवणीचं पाणी ठरल्याप्रमाणे झालं.

त्या वहीतल्या दोन ओळींचं मोल मला फार वाटतं. विकत घेतलेल्या वस्तूची भाषा विकत घेणाऱ्याला माहीत असली की मधला कुणीही अडून बसला तरी काम थांबत नाही. कारखान्याने दिलेल्या माहितीपुस्तिकेत मात्र त्या दोन ओळी कुठेच नव्हत्या. तिथे 'ॲप उघडा' इथूनच सुरुवात होती.

फोन अडवतो तो का

दुसऱ्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घ्यायला बसलो. गूगलने २०२४ मध्ये सिंगापूरपासून सुरुवात करून त्याच वर्षी भारतासाठीही प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप तपासणाऱ्या गूगलच्या सोयीचं, एक जादा संरक्षण जाहीर केलं. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून टाकलं जाणारं ॲप मेसेज वाचणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचून आपणच बटणं दाबणं) यांसारखी परवानगी मागत असेल, तर ते बसण्याआधीच अडवलं जातं. कारण उघड आहे. ओटीपी चोरणाऱ्या ॲपना हेच लागतं. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलताना हे संरक्षण बंद करता येत नाही, कारण भामटे माणसाला बोलण्यात गुंतवूनच ते बंद करायला लावतात. त्या संध्याकाळी आमच्या कारखान्याचा प्रामाणिक माणूस आणि एखादा भामटा, दोघांनी वहिनींना अगदी एकच वाक्य सांगितलं असतं.

पण ही साखळी इथेच संपत नाही. पूर्वी अँड्रॉइडमध्ये 'अनोळखी स्रोत' नावाचं एकच बटण होतं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ज्या ॲपमधून फाइल टाकायची त्या प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला काही सेटिंग थेट मिळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, ॲप कुठूनही टाकलं तरी, बनवणाऱ्याची ओळख गूगलकडे नोंदलेली हवी. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, २०२७ पासून बाकीचे देश. यावर जगभरातून विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये जाणकारांसाठी धोका पत्करून पुढे जायची वेगळी वाट ठेवू, असंही सांगितलं.

आयफोनवर तर बाहेरून ॲप टाकायची सोय भारतात सामान्य माणसाला नाहीच. युरोपीय संघात कायद्याने भाग पाडल्यावर ॲपलने मार्च २०२४ पासून तिथे दुसऱ्या स्टोअरना वाट दिली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा ॲप बाहेरून टाकण्यावर बंधनं घालू नयेत असाही आदेश त्यात होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि हा आदेश मात्र रद्द केला. ही बातमी तेव्हा शेतीच्या पानावर कुणी छापली नसेल, पण तिचा संबंध नानांच्या विहिरीशी होता.

समोर असलेले पर्याय

गटाची बैठक बोलावली. तिथे आधी एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. नवा फोन घेतलेल्या आणखी चार-पाच जणांना हीच अडचण आली होती आणि तालुक्याच्या मोबाईल दुकानात शंभर रुपये देऊन त्यांनी ती 'सोडवून' घेतली होती. दुकानदाराने संरक्षण बंद केलं, ॲप टाकलं आणि संरक्षण पुन्हा चालू केलंच नाही. महिनोन् महिने ते फोन उघडे होते, त्यावर बँक चालू होती, आणि मालकांना त्याची कल्पनाही नव्हती. बैठकीतच सगळ्यांचे फोन तपासून संरक्षण परत चालू केलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका हाच होता. सरळ दार बंद केलं की लोक आत यायचे थांबत नाहीत. कुणाच्या तरी हातून भिंत पाडून येतात, आणि ती भिंत नंतर बुजवायची राहून जाते.

मग पर्याय मांडले. संरक्षण तात्पुरतं बंद करून ॲप टाकायचं आणि लगेच चालू करायचं, असं काहींचं म्हणणं. ते जमण्यासारखं होतं, पण प्रत्येक नव्या फोनला तीच कसरत, आणि गटानेच 'या फाइलपुरता ठराव मोडा' असं म्हटलं की पुढची लग्नपत्रिका कुणी थांबवणार नाही. संगणकाला केबलने जोडून टाकायची वाट मी करून पाहिली. तशी टाकलेली ॲप या जादा संरक्षणात अडत नाहीत. पण त्यासाठी डेव्हलपर ऑप्शन उघडावे लागतात, ते चालू राहिले तर काही बँकांची ॲप चालत नाहीत, आणि प्रत्येकाने गटाच्या कचेरीत यायचं हेही खरं नाही. दुसरं एखादं स्टोअर वापरावं, म्हणजे फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या इंडस ॲपस्टोअरसारखं, अशी सूचना आली. त्यावर फार वेळ घालवला नाही. परवानगी देणारा एकाऐवजी दुसरा आला असता, इतकंच.

प्ले स्टोअरवरच का टाकत नाही, असं सगळ्यांनी कारखान्याला विचारलं. धाकटे भागीदार स्वतः बैठकीला आले होते. त्यांनी प्रयत्न केला होता. पण प्ले स्टोअर मेसेज वाचायची परवानगी २०१९ पासून फार थोड्या कारणांसाठी देतं. मुख्यतः जे ॲप फोनचं मेसेजचं मूळ ॲप म्हणून काम करतं त्याला. मोटर चालवणं त्यात बसवता आलं नव्हतं. म्हणून ते व्हॉट्सॲपच्या वाटेला लागले होते.

इथे मी एक प्रश्न विचारला, आणि प्रकरणाची दिशा त्यातून बदलली असं मला वाटतं. या ॲपला मेसेज वाचायची गरज आहे का? ते पेटीचा एक मेसेज वाचायला परवानगी मागतं, पण मिळते ती फोनवरच्या सगळ्या मेसेजची. नानांच्या बँकेचा ओटीपीसुद्धा त्यात आला. कारखान्याचा हेतू स्वच्छ आहे, पण उद्या त्यांचा संगणक कुणी ताब्यात घेतला, फाइल बदलली, तर तीसेक घरांचे ओटीपी एका ठिकाणी जातील. फोनने अडवलं ते निदान या एका बाबतीत विनाकारण नव्हतं.

भागीदार लगेच तयार झाले नाहीत. पडद्यावर व्होल्टेज-अँपिअर दिसणं हीच त्यांच्या मालाची खासियत होती. "हे काढलं तर आमच्यात आणि शंभर जणांच्या पेटीत फरक काय राहिला, साहेब?" त्यांचा प्रश्न मला आजही लागतो. लहान कारखान्याने आपल्या ग्राहकाला काय द्यावं याची मर्यादा दूरच्या कुणीतरी आखलेली होती आणि ती आखताना त्याच्यासारख्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

काय केलं

दोन बैठकांनंतर ठरलं ते असं. ॲपमधून मेसेजच्या दोन्ही परवानग्या काढायच्या. बटण दाबलं की ॲप फक्त मजकूर तयार करून फोनचं नेहमीचं मेसेजचं ॲप उघडेल, नंबर आणि मजकूर भरलेला असेल, पाठवायचं बटण माणसाने दाबायचं. याला कुठलीच परवानगी लागत नाही. पेटीचं उत्तर मेसेजमध्येच वाचायचं.

उत्तरं पूर्वी इंग्रजीत, ॲपसाठी सोयीची अशी यायची. ती माणसाने वाचायची म्हटल्यावर मराठीत हवीत असा आग्रह वहिनींनी धरला. मराठी अक्षरांच्या एका मेसेजमध्ये सत्तरच अक्षरं मावतात, इंग्रजीत एकशे साठ. त्यामुळे वाक्यं घासूनपुसून लहान केली: 'मोटर चालू. ४१० व्होल्ट.' 'पाणी नाही. मोटर बंद केली.' जुन्या पेट्यांना हे घालायला पेटी उघडावी लागते, म्हणून दुरुस्तीला येतील तशा बदलायचं ठरलं.

गटाने एक अट घातली: कमांडची पूर्ण यादी, म्हणजे पेटीला कोणता मेसेज गेला की ती काय करते, छापील कागदावर द्यायची. थोरल्या भागीदारांना ही यादी बाहेर जाऊ द्यायची नव्हती. दुसरा कुणी तिच्यावर ॲप बनवेल ही त्यांची भीती. आम्ही सांगितलं की पेटी आमच्या विहिरीवर आहे, सिमचा रिचार्ज आम्ही भरतो, आणि उद्या तुमचं दुकान बंद झालं तर मोटर आम्हालाच चालवायची आहे. शिवाय वहिनींच्या वहीत अर्धी यादी होतीच. त्यांनी दिली.

परवानग्या गेल्यावर प्ले स्टोअरचा रस्ता मोकळा झाला. धाकट्या भागीदारांनी स्वतःच्या नावाने खातं काढलं, पंचवीस डॉलर भरले. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ते बारा जण आमचे बागायतदार. चाचणीसाठी प्रत्येकाचा जीमेल लागतो, आणि बहुतेकांचा जीमेल मोबाईल दुकानदाराने काढलेला, पासवर्ड त्याच्या डोक्यात. ते सगळे पासवर्ड बदलून मालकांच्या हाती देणं हे या प्रकरणातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम होतं. मधे कुणी गळालं तर अडचण नको म्हणून बारापेक्षा जास्त नावं आधीच घातली.

काय झालं

मार्चअखेर ॲप स्टोअरवर आलं. आता नवा फोन घेतला की कुणाला विचारावं लागत नाही. संरक्षण चालू ठेवून सगळं चालतं. गटाचा एपीकेचा ठराव शाबूत राहिला.

नुकसानही झालं, ते मोजायला हवं. तीन तासांनी आपोआप बंद ही सोय गेली, कारण आता प्रत्येक मेसेज माणसाने पाठवायचा आहे. वहिनी मोबाईलला गजर लावून रात्री उठतात. ज्यांच्या घरी उठणारं कुणी नाही त्यांनी पाणी जास्त दिलं, आणि एका बागेत फूल कमी, पालवी जास्त असं झालं. कारण पाणीच होतं की आणखी काही, हे ठामपणे सांगता येणार नाही. वेळेचं गणित पेटीतच घालायचं काम कारखान्याने घेतलं आहे, ते अजून पूर्ण नाही. नाना त्या एका जादा बटणावर अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ज्याला मी ओळखतो त्याला मी परवानगी दिली तर फोनने मधे का यावं?

मला नानांचं म्हणणं टाकून देता येत नाही. ॲप आता चालतं ते मालकाने ठरवलं म्हणून नाही. ज्याने आधी नाकारलं त्याच्या अटी आम्ही पूर्ण केल्या म्हणून. आणि अटी बदलत राहतात. स्टोअरवरचं ॲप ठरावीक काळाने नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत केलं नाही तर नव्या फोनवाल्यांना ते दिसेनासं होतं. दोघा भागीदारांपैकी एक जण आजारी पडला, वर्षभर लक्ष देता आलं नाही, तर काय? मार्च २०२४ मध्ये फीच्या वादावरून काही मोठ्या भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली गेली, तेव्हा केंद्र सरकारने लक्ष घातलं आणि ती काही दिवसांत परत आली. वाळूज-चिकलठाण्यातल्या एका छोट्या कारखान्यासाठी कोण बोलेल?

एका संचालकांच्या मुलाकडे आयफोन आहे. तो कमांडची यादी बघून हाताने मेसेज पाठवतो.

पुन्हा वेळ आली तर

खरेदीच्या वेळी आम्ही पेटीचा दर पाहिला, हमी पाहिली, दुरुस्तीचा माणूस किती वेळात येतो ते पाहिलं. ॲप कुठून येतं, काय परवानगी मागतं आणि ॲपशिवाय पेटी चालते का, हे खरेदीच्या यादीत असायला हवं होतं. ॲप दाखवायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या बघता आल्या असत्या.

गटाचा ठरावही अधिक नेमका करता आला असता. 'उघडायची नाही' हे लक्षात ठेवायला सोपं आहे आणि बहुतेकांसाठी तेच बरोबर आहे. पण जिथे खरंच बाहेरून ॲप घ्यायची वेळ येईल तिथे काय करायचं, हे ठरवलेलं नसल्यामुळे लोक दुकानदाराकडे गेले. आता ठरवलं आहे: फाइल गटाच्या कचेरीतच, कारखान्याच्या माणसासमोर, पेनड्राइव्हवरून; तिची डिजिटल सही आधीच्या फाइलच्या सहीशी ताडून; आणि ज्या फोनवर बँक नाही अशा फोनवर. त्यासाठी गटाने एक जुना फोन दुरुस्त करून ठेवला आहे.

फोनच्या बाबतीत माझं स्वतःचं मत असं झालं आहे. अडवणं चूक नाही. घाईत असलेल्या, घाबरलेल्या, फोनवर कुणाच्या तरी बोलण्यात गुंतलेल्या माणसाला अडवायलाच हवं. आमच्या सभासदाचे पैसे त्या वेळी कुणी अडवले असते तर वाचले असते. पण अडवल्यानंतर मालकाला पुढे जायची स्वतःची वाट हवी. हवं तर एक दिवस थांबायला लावा, घरच्या दुसऱ्या माणसाची संमती मागा, धोका मराठीत स्पष्ट लिहा, फक्त त्या एका ॲपपुरतीच सूट द्या. त्या रात्री फोनने जे दिलं त्यात एका ॲपपुरती सूट नव्हती. सगळंच चालू किंवा सगळंच बंद. म्हणून शंभर रुपयांत सगळंच बंद झालं. नोंदणीची सक्ती भारतात येईल तेव्हा विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित वापराचं फुकट खातं ठेवू, असं गूगलने सांगितलं आहे. ते मराठीतल्या साध्या माणसाला वापरता येईल असं असावं, कारण आमच्या भागात पुढची उपयोगी ॲप एखाद्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी आपल्याच शिवारासाठी केलेली असतील.

यंदा गटाने आणखी पेट्यांसाठी दरपत्रकं मागवली. फॉर्ममध्ये आता अटी छापलेल्या आहेत: कमांडची यादी लेखी द्यावी, ॲपशिवाय पेटी पूर्ण चालावी, वेळेने बंद व्हायची सोय पेटीतच असावी, ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागू नये, मोटरीची उत्तरं मराठीत यावीत. तिघांची दरपत्रकं आली. दोघांनी अटी मान्य केल्या, त्यात आमचा जुना कारखाना आहे. तिसऱ्याचा दर सगळ्यात कमी होता, पण यादी द्यायला तो तयार नव्हता. त्याचं दरपत्रक बाजूला ठेवलं आहे.